इथे पडू नका

मराठी माणूस जितक्या प्रकारांनी पडतो तितक्या प्रकारांनी जगातला दुसरा कुठलाही माणूस पडत नसावा. तो आजारी पडतो, प्रेमात पडतो, विचारात पडतो, पेचात पडतो. मोठ्यांच्या पाया पडतो, मित्रांच्या गळ्यात पडतो, बायकोच्या तोंडी पडतो. निवडणुकीला उभा राहिलाच, तर तिथेही पडतो. कुणी भरीस पाडले की भरीस पडतो, कुणी फसवले की फशी पडतो आणि शेवटी हे सगळे त्याला महागात पडते. आता गंमत पाहा, एवढे सगळे पडूनही त्याच्या एकाही हाडाला तडा जात नाही. हाड मोडायला फक्त एकच पडणे लागते. ते म्हणजे बाथरूमच्या ओल्या फरशीवरचे.

लहानपणी आपण पडलो की आई आधी जमिनीला एक चापट मारायची. "माझ्या बाळाला पाडतेस काय गं!" असे जमिनीला खडसावले की आपले रडे थांबायचे. तरुणपणी पडलो की मित्र हसायचे. साठी उलटल्यावर मात्र पडले तर कोणी हसत नाही आणि जमिनीलाही कोणी मारत नाही. सगळे जण एकदम गंभीर चेहऱ्याने विचारतात, "एक्स-रे काढला का?"

आमच्या सौ.चा एक्स-रे काढावा लागला, तो अशाच एका सकाळी. डाव्या मनगटाचे हाड. सहा आठवडे प्लास्टर. हाड ठरल्याप्रमाणे जुळले, प्लास्टर निघाले, डॉक्टरांनी "आता सगळं करा" म्हणून सांगितले. पण मनगटाबरोबर आणखी काहीतरी मोडले होते आणि ते एक्स-रेमध्ये दिसत नव्हते. सौ. भिंतीला धरून चालू लागली. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचे तर आधी ओटा, मग फ्रीज, मग दाराची चौकट, मग कपाट असा तिचा प्रवास चाले, म्हणजे स्लो लोकल जशी एकेक स्टेशन घेत येते तसा. आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या भिंतींवर तिच्या हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा उमटला. भाजीला जाणे थांबले, मग मंगळवारचे भजनी मंडळ थांबले, मग भिशी. मंडळातल्या बायका आधी फोन करीत, पुढे नुसते मेसेज पाठवीत, त्यानंतर तेही कमी झाले. पडण्याचा एक प्रकार मी वरच्या यादीत घातला नव्हता तो हाच. ती एकटी पडली.

डॉक्टर म्हणाले, हे नेहमीचेच आहे. पडायच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की पायांतली ताकद जाते, आणि ताकद गेली की माणूस पुन्हा पडतो. मी म्हटले, "याला औषध?" ते म्हणाले, "चाला." सौ. मला धरून उठली आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

अशा परिस्थितीत मुलाने आम्हांला सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियाला बोलावले. विमानतळावर त्याने वाकून नमस्कार केला, सामान गाडीत टाकले आणि गाडी सुरू करायच्या आधी पहिले वाक्य उच्चारले ते असे : "आई, बाबा, एक सांगून ठेवतो. इथे पडू नका."

मी म्हटले, "आजारी?"

"आजारी पडू नकाच. पण नुसतेही पडू नका. इथे अँब्युलन्सचं बिल बघून माणूस दुसऱ्यांदा पडतो."

आमचा विमा त्याने काढला होता. त्याची पॉलिसी मी दोन दिवस बसून वाचली. नोकरीत असताना फायली वाचायची सवय होती, त्यामुळे तात्पर्य लवकर ध्यानात आले. तुम्हांला पूर्वीपासून जे जे काही आहे ते सोडून बाकी सगळ्याचा विमा आहे, असे त्या कागदांचे म्हणणे. आता आमच्या वयाला पूर्वीपासून नाही असे शिल्लक काय राहते? तरी सौ.ने ताबडतोब मुलाच्या घरातल्या भिंती ताब्यात घेतल्या.

मुलगा आणि सून कामावर जात, नात शाळेत जाई. मग त्या मोठ्या घरात फ्रीज आणि आम्ही दोघे एवढेच उरत असू, आणि तिघांपैकी बोलका फ्रीजच. दाराबाहेर माणूस दिसायचा नाही, कारण तिथली माणसे मोटारीच्या आत असतात. सात-आठ दिवसांनी मी कंटाळून एकटाच बाहेर पडलो (हेही एक पडणेच, पण डॉक्टरांनी मान्य केलेले) आणि अर्ध्या मैलावर एक बाग सापडली. बागेत झाडाखाली वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या उभ्या होत्या. सगळे चिनी. सगळे आमच्याच वयाचे. सगळे आमच्यासारखेच मुलांकडे आलेले. दोन्ही देशांनी आपापली मुले संगणकावर बसायला पाठवली आणि नातवंडे झाल्यावर मागून आईबापही पाठवून दिले, असा तो सगळा मामला.

ही मंडळी हात हलवीत होती. पण कसे! पाण्याखाली कोणी धुणे वाळत घालू लागला तर जसे दिसेल तसे. एक हात वर चालला आहे, चालला आहे, अजून चालला आहे. तो पोहोचेपर्यंत मी बाकावर बसून दोनदा जांभई दिली.

संध्याकाळी नातीला विचारले. तिच्या वर्गात निम्मी मुले चिनी, त्यामुळे तिला सगळे ठाऊक. ती म्हणाली, "आजोबा, ती ताई-ची."

सौ. आतून म्हणाली, "कुठल्या ताईची?"

आता यात सौ.चा काय दोष? मराठी कानाला 'ची' ऐकू आले की तो पुढच्या वस्तूची वाट बघतो. ताईची पिशवी, ताईची छत्री, ताईची काहीतरी. नातीने मग समजावून सांगितले, की ही विभक्ती नव्हे. पूर्ण नाव थायचीछ्वान. 'थायची' म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेले परमतत्त्व, ज्यातून यिन आणि यांग निघाले ते, आणि 'छ्वान' म्हणजे मूठ. थोडक्यात ही मारामारी आहे.

"मारामारी?" सौ. बाहेर आली. "कुणाला मारतात?"

"हवेला, आजी."

"एवढ्या हळू मारल्यावर लागत नसेल तिला," सौ. म्हणाली आणि भिंतीला धरून परत आत गेली.

मी मात्र हात धुऊन या विद्येच्या मागे लागलो. निवृत्त माणसाला एखादा विषय मिळाला की त्याच्या मुळापर्यंत गेल्याशिवाय दिवस भरत नाहीत. तर या ताईचीचे माहेर हनान प्रांतातले. तिथे चेन आडनावाच्या लोकांचे एक गाव आहे, आणि सतराव्या शतकात त्या गावच्या चेन वांगटिंग नावाच्या योद्ध्याने ही विद्या बसवली असे मानतात. पुढे आपल्या गाण्यासारखी तिची घराणी झाली : चेन, यांग, वू, सुन. गाण्यासारखेच हेही, की घराण्याची चीज बाहेरच्याला द्यायची नाही. यांग लूछान (१७९९-१८७२) हा बाहेरचा. त्याने रात्री भिंतीआडून बघून बघून ही विद्या चोरली अशी आख्यायिका आहे. म्हणजे आपला एकलव्यच, फक्त याचा अंगठा शाबूत राहिला. तो पुढे पेकिंगला जाऊन मोठा उस्ताद झाला. त्याचा नातू यांग छंगफू (१८८३-१९३६) याने तिच्यातल्या उड्या आणि झटके कमी करून ती संथ केली, म्हणजे द्रुत बंदिशीचा विलंबित ख्याल केला म्हणा ना. १९५६ मध्ये चीन सरकारच्या क्रीडाखात्याने यांग घराण्याच्या लांबलचक बैठकीतून २४ हालचाली निवडून एक सुटसुटीत संच तयार केला. पाच-सहा मिनिटांत संपतो. जगभर नवशिक्यांना शिकवतात तो बहुधा हाच. आणि २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोनेही ताईचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवले.

एवढी तयारी करून मी बागेत मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

शिकवणाऱ्या बाई पंच्याहत्तरीच्या, चणीने आमच्या नातीएवढ्या. सगळे त्यांना 'लाओशी' म्हणत. चिनी भाषेत गुरुजनांना तसे म्हणतात. त्यांना इंग्रजी येत नव्हते, मला चिनी येत नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसते उभे केले. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, हात लोंबते. दोन मिनिटांत माझ्या मांड्या थरथरू लागल्या. डोंबिवली ते त्या वेळचे व्ही. टी. असा पस्तीस वर्षे उभ्याने प्रवास केलेला माणूस मी. मला उभे राहणे कोणी शिकवावे! पण लोकलमध्ये आपण उभे नसतो, आजूबाजूच्या गर्दीने आपल्याला उभे केलेले असते. गर्दी काढून घेतल्यावर स्वतःच्या पायांवर किती वजन येते ते मला त्या बागेत कळले.

तेवढ्यात लाओशी माझ्याजवळ आल्या, माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटे टेकवून म्हणाल्या, "सोंग!"

मी चपापलो. परक्या देशात, परक्या बाईने, तेही शुद्ध मराठीत!

"सोंग, सोंग," त्या पुन्हा म्हणाल्या. मग हात हलवायची वेळ आली तेव्हा म्हणू लागल्या, "मान, मान." मी मान ताठ केली. त्या हसल्या, पुन्हा "मान, मान." मी आणखी ताठ केली. तासाच्या शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "हाव!"

संध्याकाळी नातीकडून भाषांतर मिळाले. सोंग म्हणजे सैल सोड. मान म्हणजे हळू. हाव म्हणजे छान. पण खरे सांगू? मराठी अर्थ धरूनही फारसे बिघडत नव्हते. सोंगे करू नका, मान ताठ ठेवा, हाव सोडा, असे आमच्या आळीतले कीर्तनकारबुवा दर एकादशीला सांगत आले आहेत.

यातले 'सोंग' सगळ्यांत अवघड. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे वर आहे. आमच्या शिंप्याला हे तीस वर्षांपासून ठाऊक आहे. तो न सांगता त्या बाजूला कापड जास्त सोडतो. ऑफिसची बॅग त्या खांद्याला लावून ती गर्दीत कोणी ओढू नये म्हणून खांदा वर आवळून धरायचा, हे पस्तीस वर्षे केले. बॅग गेली, ऑफिस गेले, पण खांद्याला कोणी कळवले नाही, तो अजून ड्यूटीवरच होता. लाओशी रोज त्याच्यावर दोन बोटे टेकवीत. तो खाली येई, आणि त्या पुढे गेल्या की साहेब गेल्यावर कारकून जसा करतो तसा पूर्ववत होई.

'मान' त्याखालोखाल अवघड. आपल्याकडे व्यायाम म्हणजे मोजणी. सूर्यनमस्कार घाला, पण किती? जोर काढा, पण किती? औंधच्या पंतप्रतिनिधींनी साऱ्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावले, तेव्हापासून तर आकडा सांगितल्याशिवाय आमचा व्यायाम पुरा होत नाही. ताईचीत आकडा नाही. लवकर संपवले तर शाबासकी नाही, उलट पुन्हा करा. जन्मभर फास्ट लोकल पकडलेल्या माणसाला ही शिक्षाच. शिवाय हालचालींची नावे ऐकली की वाटे आपण पंचतंत्राच्या वर्गात आलो आहोत. रानघोड्याच्या आयाळीचा भांग पाडा. पांढऱ्या क्रौंचासारखे पंख पसरा. वानराला मागे हटवा. चिमणीचे शेपूट धरा. ढगांसारखे हात फिरवा. घोड्याचा भांग पाडीपर्यंत माझी चिमणी उडून गेलेली असायची.

पण खरी मेख पायांत आहे. ताईचीत पाऊल टाकताना वजन आधी जात नाही. एक पाय 'भरलेला', दुसरा 'रिकामा'. रिकामा पाय मांजरासारखा पुढे जातो, टाच टेकते, जमीन कशी आहे ते बघते, आणि मग भरलेल्या पायातले वजन हळूहळू, या भांड्यातून त्या भांड्यात ताक ओतावे तसे, पुढच्या पायात येते. पुढची जागा बरी वाटली नाही तर पाय परत घेता येतो. आपण चालतो ते उलटे. आधी वजन फेकतो आणि मग पाय धावत जाऊन त्याला झेलतो. तरुणपणी पाय वेळेवर पोहोचतो. उतारवयात तो जरा उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्या उशिरात एक्स-रे निघतो.

मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, "बाबा, याला काही डेटा आहे का?" संगणकवाल्यांना आईबापांचे म्हणणेही आकड्यांसकट लागते. माझ्याकडे होता. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी सत्तरी ओलांडलेल्या २०० लोकांवर प्रयोग केला. त्यांतल्या एका गटाला १५ आठवडे ताईची शिकवली. या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला, असे त्यांनी १९९६ मध्ये छापले. शिवाय पडण्याची भीतीही कमी झाली. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सपाट तळव्याच्या बुटांचे दोन जोड आणले. दोन. एक आईच्या मापाचा.

सौ.ने बूट घातले, पण "मी बाकावर बसणार," या अटीवर. मी तिला बागेत घेऊन जाऊ लागलो. ती लोकर घेऊन बाकावर बसे आणि विणता विणता माझ्याकडे बघे. घरी आल्यावर म्हणे, "अहो, तुमचा उजवा हात वर जातो तेव्हा त्या सगळ्यांचा डावा जातो." बाकावरून तिने दहा दिवसांत सगळा क्रम पाठ केला होता. मंगळागौरीचे खेळ आणि भोंडल्याचे फेर ज्या बायकांच्या अंगात मुरले आहेत त्यांना एक पाऊल इकडे, दोन हात तिकडे हे सांगावे लागत नाही.

एके सकाळी वर्ग थांबवून लाओशी थेट बाकाकडे गेल्या आणि काही न बोलता त्यांनी हात पुढे केला. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, मग लोकर पिशवीत ठेवली. उजव्या हाताने तिने तो हात धरला. त्या दिवसापासून रोज पुढच्या रांगेत दोघी हात धरून उभ्या असत. लाओशी एका हाताने ढग फिरवीत, दुसऱ्या हाताने सौ.ला धरीत. मध्यंतरात दोघी बाकावर बसून बोलत. एक चिनी बोले, दुसरी मराठी. काय बोलता, असे मी एकदा विचारले. सौ. म्हणाली, "सुनांबद्दल." भाषा येत नसताना कसे कळते, ते विचारायचे धाडस मला झाले नाही. तिने चकल्या नेल्या, तिकडून वाफवलेले पाव आले. घरच्या सगळ्या भिंतींपेक्षा त्या एका हाताचा आधार तिला जास्त पटला असावा, कारण महिन्याभरात ती फ्रीजला न धरता ओट्यापासून दारापर्यंत येऊ लागली. मी काही बोललो नाही. बोलले की दृष्ट लागते.

चोवीस हालचालींच्या शेवटाकडे एक आहे : सोन्याचा कोंबडा एका पायावर उभा राहतो. सप्टेंबरात एका सकाळी कोंबडा आला तेव्हा मी मागून बघत होतो. लाओशींनी सौ.चा हात धरला होता. सौ.ने उजवा गुडघा उचलला. आणि लाओशींनी हात सोडला. सांगितले नाही, विचारले नाही. सायकल शिकवताना मागचा माणूस सीट सोडून देतो तसा नुसता सोडला. सौ.ला ते कळले की नाही कोण जाणे. ती उभी होती. मी मनात मोजू लागलो. सवय जात नाही. एक, दोन, तीन, चार. पाचाला तिने पाय सावकाश खाली ठेवला, टाच आधी. आजूबाजूचे सगळे वीस जण म्हणाले, "हाव!" मी त्याच वेळी एका पायावर होतो, हे विसरूनच गेलो आणि तो टेकवला, तो शेजारच्या आजोबांच्या बुटावर. त्यांनीही "हाव" म्हटले. लोक सभ्य.

ऑक्टोबरात आम्ही परत आलो. कोणी पडले नाही. विम्याची पॉलिसी कोरी परत आणली. चोवीसपैकी मला धड दहा येतात, सौ.ला सगळ्या. माझा खांदा आता एकच बोट वर आहे. शिंप्याने जुन्या मापाने शर्ट शिवला तर तो त्या बाजूला पिशवीसारखा लोंबला आणि शिंपी माझ्यावरच रागावला. झोप बरी लागते. भिंतीवरचा पट्टा दिवाळीच्या रंगाखाली गेला तो पुन्हा उमटलेला नाही.

आता रोज सकाळी सात वाजता आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सौ. शिकवते. भजनी मंडळातल्या सहा बायका येतात, दोन पुरुष येतात आणि वाळत घातलेल्या पापडांकडे लक्ष ठेवायला एक मुलगी येते. परवा खालच्या मजल्यावरचे काका आले. वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडल्यापासून घराबाहेर न पडलेले. लिफ्टमधून, मग भिंतीला धरून, दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"वहिनी, आम्हांला जमेल का हो हे?"

सौ. काही बोलली नाही. एक प्लास्टिकची खुर्ची उचलून तिने त्यांच्यापुढे ठेवली, खुर्चीच्या पाठीवर त्यांचे दोन्ही हात ठेवले आणि त्यांना उभे केले. काकांची बोटे पांढरी पडली होती इतकी घट्ट पकड. खांदे कानांना लागलेले. सौ.ने त्यांच्या खांद्यावर दोन बोटे टेकवली आणि हळूच म्हणाली, "सोंग."

काकांच्या डोळ्यांत एकदम पाणी आले. "अहो वहिनी," ते म्हणाले, "सोंग नाही हो करत. खरंच भीती वाटते."

"माहीत आहे," सौ. म्हणाली. "मान, मान."

आणि काकांनी मान ताठ केली.